कुटीचा जमाखर्च

किनवट तालुक्यातील इस्लापूर हे नकाशावर लहानसे दिसणारे गाव. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास निघालेल्या प्रवाशांना मात्र ते चांगलेच परिचित असते. जवळच पैनगंगा काळ्या खडकांवरून खाली झेपावते आणि पलीकडच्या काठावर यवतमाळ जिल्हा सुरू होतो. नांदेड-लातूरकडील उघड्या माळरानाची सवय झालेल्या डोळ्यांना येथील सागवनाची हिरवाई सुखावते. अशा परिसरात व्यापारात आयुष्य घालविलेल्या, दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती सोपविलेल्या गृहस्थाच्या मनात एक इच्छा हमखास डोकावते : आपल्या शेतात, एखाद्या झाडाच्या सावलीत स्वतः उभी केलेली लहानशी कुटी असावी. विजेचे बिल नको, नळपट्टी नको. पहाटे सामायिक करावे, दिवसभर वाचन आणि थोडी मातीची सेवा करावी, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावे.

इच्छा उत्तमच आहे. परंतु तिला आकार देताना ती बदलत जाते. पाहुणे येतील म्हणून एका खोलीच्या तीन होतात. नातवंडांसाठी वातानुकूलन यंत्र येते, त्यासाठी बॅटऱ्यांची रांग लागते, बागेसाठी बोअर घेतले जाते, या सर्वांच्या राखणीसाठी माणूस ठेवावा लागतो. शेवटी मुदतठेव मोडते किंवा कर्ज काढावे लागते. वर्षातील साडेतीनशे दिवस कुलूप असलेले हे दुसरे घर मग विसाव्याचे स्थान राहत नाही. उतारवयात डोक्यावर आलेली ती आणखी एक जबाबदारी ठरते. म्हणून कुटीचा पाया खणण्यापूर्वी तिचा जमाखर्च मांडणे आवश्यक आहे.

या भागातील गोंड, कोलाम, आंध या समाजांना घर स्वतः बांधण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. लाकडी मेढी रोवावयाच्या, बांबूच्या कामट्यांचे कुड विणावयाचे, त्यांवर माती आणि शेणाचा लेप द्यावयाचा, वर गवत किंवा कवेलू घालावयाचे, असे हे काम. घरातील माणसे आणि शेजारी हेच कारागीर. मृग लागण्यापूर्वी छप्पर शाकारणे आणि भिंती लिंपणे हा दरवर्षीचा परिपाठ. अर्थात, ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याच्या झोपडीला साधेपणा म्हणणे योग्य नव्हे. साधेपणा हा पर्याय असणाऱ्याने जाणून स्वीकारावयाचा असतो.

तसा तो स्वीकारल्याचे उदाहरण इस्लापूरपासून फार दूर नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास आले. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथील पहिल्या निवासासाठी त्यांची अट व्यापाऱ्याला शोभावी अशी होती : खर्च ५०० रुपयांच्या आत राहावा आणि साहित्य तसेच कारागीर जवळपासचेच असावेत. त्यातून आदिनिवास उभा राहिला. आज बापूकुटी म्हणून प्रसिद्ध असलेली वास्तू मीराबेन यांनी उभारली. माती, बांबू, चटया आणि कवेलू यांची ती कुटी आजही पाहावयास मिळते. विशेष म्हणजे त्या आश्रमात दूरध्वनीही होता; त्याची पेटी अद्याप जतन केलेली आहे. साधे राहणे म्हणजे जगाशी संबंध तोडणे नव्हे, हे त्यावरून ध्यानी येते. आवश्यक ते ठेवावयाचे आणि अनावश्यक ते सोडावयाचे, एवढाच तेथील नियम होता.

खर्चाचा तपशील लिहून ठेवण्याच्या बाबतीत मात्र अमेरिकेतील हेन्री डेव्हिड थोरो यांची बरोबरी करणारा विरळाच. १८४५ साली कॉनकॉर्ड गावाजवळील वॉल्डन तळ्याच्या काठी, मित्र इमर्सन यांच्या जागेवर, त्यांनी १० फूट रुंद आणि १५ फूट लांब अशी कुटी स्वतः बांधली. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी तिचा खर्च कलमवार दिला आहे. फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट, एक हजार जुन्या विटा ४ डॉलर, खिळे ३ डॉलर ९० सेंट, काचेच्या दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट. इतकेच काय, खडूचा १ सेंटसुद्धा नोंदविलेला आहे. एकूण बेरीज २८ डॉलर साडेबारा सेंट. बरेचसे सामान स्वतःच्या पाठीवरून वाहून नेल्याने वाहतूक खर्च वाचला, हेही त्यांनी सांगितले आहे. तेथे ते दोन वर्षे दोन महिने राहिले आणि नंतर गावात परतले. कुटी हे आयुष्यभराचे बंधन त्यांनी मानले नाही. आपल्याला खरोखर किती लागते, हे तपासण्याचे ते साधन होते. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या घराण्यांना ही पद्धत मुळीच परकी वाटू नये.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. मराठवाड्यात ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, असा जुना शब्दप्रयोग आहे. त्यामागे बांधकामाचे शहाणपण दडलेले आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकविलेले घर दरवर्षी हलते. म्हणून जागा शक्यतो मुरमाड, उंचवट्याची निवडावी. काळ्या रानातच बांधावयाचे असेल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा आणि दगडी जोते दोन फूट उंच ठेवावे. भिंतीच्या लेपासाठी पांढरी माती, शेण आणि भुसा यांचे मिश्रण काही दिवस भिजवून मुरवावे, म्हणजे तडे कमी जातात. छताच्या वळचणी भिंतीबाहेर दोन-अडीच फूट आल्या की मातीचा लेप पावसापासून सुरक्षित राहतो.

लाकूड जमिनीला थेट टेकू देऊ नये. दगडी बैठकीवर उभे करावे. जोते कोरडे असेल आणि लाकडाला ओल लागत नसेल, तर वाळवीचा उपद्रव कमी होतो. जीव मारण्याचे औषध शोधण्यापेक्षा तशी वेळच न येऊ देणे, हे अहिंसेच्या दृष्टीने आणि खर्चाच्या दृष्टीनेही श्रेयस्कर. रात्रीच्या दिव्यांबाबतही असेच. पांढऱ्या प्रखर दिव्यापेक्षा पिवळसर, मंद दिव्याकडे कीटक कमी आकर्षित होतात. असा एक दिवा पुरेसा असतो.

घर हलके असावे, हा धडा मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांत दोन्ही थर बांधून ठेवणाऱ्या लांब दगडांचा अभाव आणि वर मातीचे अवजड माळवद, हेच घर बऱ्याच कुटुंबांवर कोसळले. याउलट लाकडी खांब आणि तुळयांच्या ‘खणां’ची जुनी घरे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही उभी राहिली, कारण छताचा भार सांगाड्यावर होता. तेव्हा कुटीचा सांगाडा नीट बांधलेला, कोपरे घट्ट जोडलेले, भिंती पातळ आणि छप्पर हलके असावे. स्वतः बांधण्याच्या हौसेत सांगाड्याचे काम मात्र जाणत्या सुताराच्या देखरेखीखालीच करावे.

यानंतरचा विषय विजेचा. येथे बहुतेक जण आधी सौरपट्ट्या विकत घेतात आणि मग उपकरणे वाढवीत जातात. क्रम उलटा हवा. प्रथम कागदावर भार लिहावा. ७ वॅटचे तीन एलईडी दिवे रोज चार तास म्हणजे ८४ वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा आठ तास म्हणजे २४०. दोन मोबाइल आणि एक छोटा रेडिओ यांसाठी २६ धरले तरी एकूण ३५० होतात. दिवसाचे प्रभावी ऊन पाच तास आणि तीस टक्के घट धरली, तर १०० वॅटची सौरपट्टी हा भार पेलते; श्रावणातील ढगाळ दिवसांसाठी २०० वॅटची घ्यावी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत १,२०० वॅट-तास मावतात; तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मेच वापरले, तरी ऊन नसताना पावणेदोन दिवस निघतात.

आता याच कागदावर जुना ७५ वॅटचा पंखा लिहून पाहावा. एकट्या पंख्याचे ६०० होतात आणि एकूण भार दुप्पट होतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला सुमारे दीड युनिट, म्हणजे १,५०० वॅट-तास घेते. सहा तासांची वीज ९,००० वॅट-तास झाली. कुटीला पंचवीस दिवस पुरेल त्याहून अधिक वीज ते एका रात्रीत संपविते. याउलट सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा आपल्या घरांतील नियम येथे आपोआप उपयोगी पडतो. संध्याकाळनंतर स्वयंपाकघरातील दिवा लागतच नाही. जो नियम धर्म म्हणून पाळला, तोच हिशेबातही बचत दाखवितो.

पाण्याचे गणित याहून सोपे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ३०० चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर आणि वीस टक्के घट धरली, तर २०,००० लिटर पाणी हाती येते. चार माणसांच्या पिण्यास व स्वयंपाकास रोज ४० लिटर लागतात असे मानल्यास पावसानंतरच्या आठ कोरड्या महिन्यांना ९,६०० लिटर पुरतात. म्हणजे १०,००० लिटरची बंदिस्त टाकी हवी. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहू द्यावे, पुढचे गाळून साठवावे, आणि वापरताना ते पुन्हा गाळून, उकळून घ्यावे. स्नान आणि धुण्याचे पाणी मात्र विहिरीचे लागेल, ही गोष्टही हिशेबात स्पष्ट लिहावी.

जमाखर्चाचे सर्वांत महत्त्वाचे पान जमिनीचे. मराठवाड्यात शेतजमिनीच्या व्यवहारांना हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. किनवट तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासींची जमीन आवश्यक पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. मुखत्यारपत्र, नोटरीचा करार, दुसऱ्याच्या नावाने खरेदी असले मार्ग सुचविणारे पुष्कळ भेटतात. ते मार्ग कायद्याने धोक्याचे आहेतच. त्याहून अधिक म्हणजे, ज्यांच्याकडून मातीचे घर बांधावयास शिकावयाचे त्यांच्याच पायाखालची माती काढून घेण्यासारखे ते आहे. अदत्त ते न घेण्याचे व्रत सांगणाऱ्या घरात अशा जमिनीवरची कुटी शांती देऊ शकणार नाही. सातबारा, फेरफार आणि जमिनीचा मूळ धारक पाहिल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नये. स्वतःच्या शेतातील साग तोडण्यासही परवानगी लागते, हेही विसरू नये.

एवढे सारे पाहून झाल्यावर माणसाचा विचार करावा. साठीनंतर एकांतात राहणाऱ्याने दवाखान्याचे अंतर, रात्री येऊ शकणारे वाहन आणि मोबाइलचे जाळे यांची खात्री करून घ्यावी. वनाजवळ विंचू-सर्पांचा वावर असतो; अंगण स्वच्छ, सरपण घरापासून दूर आणि हाती बॅटरी ठेवल्यास त्यांनाही अपाय होत नाही आणि आपल्यालाही. पत्नीची इच्छा आधी विचारावी. कित्येकदा पतीच्या साधेपणाचे पाणी पत्नीलाच शेंदावे लागते. अशा साधेपणाला जमाखर्चात कोणत्या बाजूस लिहावे, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

व्यापारी घराण्यातील एक नाव या संदर्भात आठवते. सेवाग्रामच्या उभारणीस ज्यांनी हातभार लावला, ते शेठ जमनालाल बजाज मोठ्या उद्योगाचे धनी होते. आयुष्याच्या अखेरच्या काळात गोसेवेसाठी ते वर्ध्याजवळील गोपुरी येथे झोपडीत राहावयास गेले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. मोठे घर परवडत असतानाही लहान घर निवडता येते, याचे हे आपल्या परिचयाच्या व्यापारी जगातलेच उदाहरण होय.

ज्यांच्या मनात कुटीची इच्छा आहे, त्यांनी येत्या पर्युषणात एक साधा प्रयोग करून पाहावा. आहे त्याच घरात एक खोली निवडावी. आठ दिवस तेथेच राहावे; एक दिवा, एक पंखा आणि मोजलेले पाणी एवढ्यावर. रोज रात्री वहीत दोन रकाने लिहावेत : आज काय लागले, आणि काय असूनही लागले नाही. आठव्या दिवशी दुसरा रकाना मोठा भरलेला दिसला, तर कुटी बांधावयास हरकत नाही. ती लहान होईल, स्वस्त होईल आणि वापरातही राहील. तो रकाना रिकामा राहिला, तर मुदतठेव मोडण्याची घाई करू नये. वही मात्र जपून ठेवावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडावी.