मिंधेपण आणि ऋण

भंडाऱ्याला रेल्वेने जाणारा प्रवासी मुंबई–हावडा मार्गावर वरठीला उतरतो. गाव वरठी, पण स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’. जिल्ह्याचे शहर शेजारच्या गावातील फलाटावर विसंबून असते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण इतके उदार नसतो. दुसऱ्याच्या उपकाराखाली आलेल्यासाठी मराठीत ‘मिंधा’ हा बोचरा शब्द आहे. त्याच्या धाकाने कितीतरी गुणी विद्यार्थी मदत मागायचेच टाळतात.

1954 साली भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण वर्गात पुष्कळदा एकाकी जिद्दीची कथा म्हणून शिकवतो. जिद्द होतीच. परंतु 1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. 1920 साली ‘मूकनायक’ निघाले ते शाहू महाराजांच्या अर्थसाहाय्याने. त्याच वर्षी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला जाताना त्यांनी नवल भथेना या मित्राकडून कर्जही घेतले.

हे साहाय्य नेहमी निरपेक्ष होते असे नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीला संस्थानच्या सेवेचा करार जोडलेला होता. तरीही 1917 साली तेथे अस्पृश्यतेचा जाच असह्य झाला तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. मदत घेतली म्हणून अपमान गिळलाच पाहिजे, हे त्यांनी मान्य केले नाही. ऋण आणि मिंधेपण यांतील भेद मला येथे दिसतो. घेतलेली विद्या त्यांनी इतरांसाठी खर्च केली. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली.

मागणाऱ्याच्या वाट्याला नकारही येतो. भंडाऱ्याच्या त्या निवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. पण नकाराच्या भीतीने मागणेच सोडले, तर ज्याच्या घरी पुस्तके नाहीत, पैसा नाही, ओळखी नाहीत, त्याने वाढायचे कसे? ‘स्वतःच्या बळावर’ हा मंत्र ज्यांच्यापाशी आधीच बळ आहे त्यांनाच परवडतो.

प्रबंधातील ऋणनिर्देशाचे पान आपण उपचार म्हणून उलटतो. प्राध्यापकांनी ते कधी वर्गात वाचून दाखवावे. मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीला त्यातून कळेल की हात पुढे करणारी ती पहिली नाही.