पोरीच्या खांद्यावर फ्लेक्स लावू नका



या पानावर मी आतापर्यंत रक्तक्षय, क्षयरोग, बाळंतपण असल्या विषयांवर लिहीत आले. या वेळचा विषय माझ्या घरातला आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि ती स्पर्धेत पोहते. वस्तीतल्या किती घरांचा पोहण्याशी संबंध येतो, असं कुणी म्हणेल. पण तुमची पोर कबड्डी खेळत असेल, धावत असेल किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर जात असेल, तरी हे वाचा.

लेक आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात वस्तीमागच्या दगडखाणीत पाणी साचतं, त्यात पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा बुडाला. मी तेव्हा नोकरीत होते, कॅज्युअल्टीला माझी ड्युटी होती. त्याला आणलं तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सोबतची पोरं सांगत होती, तो ओरडलाच नाही, आम्हाला वाटलं डुबकी मारली. बुडणारं माणूस ओरडत नाही. श्वास घ्यायलाच त्याला पुरत नाही, आवाज कुठून काढणार? त्याच आठवड्यात मी लेकीचं नाव महापालिकेच्या जलतरण तलावावर घातलं. पदक वगैरे तेव्हा डोक्यात नव्हतं. पोर पाण्यात मरू नये, एवढंच होतं.

त्या तलावावर पहिल्या दिवशी मी पायऱ्यांवर बसून हिशेब केला. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद, दोन मीटर खोल, म्हणजे 25 लाख लिटर पाणी. आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येतो आणि मी पहाटे पिंप भरून मग पोरीला घेऊन इथे येते. असो.

तिला पाणी आवडलं. दोन वर्षांत सरांनी तिला शिकाऊ बॅचमधून काढून स्पर्धेच्या बॅचमध्ये घेतलं. मग शालेय स्पर्धा आल्या, जिल्ह्याला दुसरी, पुढच्या वर्षी जिल्ह्याला पहिली, मग विभाग. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी पुन्हा दीड तास. बाकीच्या मुली गाडीतून यायच्या. आम्ही सहा आसनी रिक्षाने. पायऱ्यांवर बसणारे आईबाप हातात स्टॉपवॉच घेऊन बसायचे, वहीत आकडे लिहायचे. एका बाईंनी पहिल्याच ओळखीत आडनाव विचारलं, दुसऱ्यांदाही विचारलं, आणि मग त्यांचा डबा आमच्याकडे कधी सरकला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, तुम्हाला ते नवीन नाही. लिहिते अशासाठी की त्याच दिवशी येताना मीही एक स्टॉपवॉच विकत घेतलं. आता दाखवतेच, असं मनात आलं. आज मागे वळून पाहते तेव्हा चूक तिथून सुरू झाली असं वाटतं.

विभागाला निवड झाली आणि वस्तीत आनंद झाला. खरा आनंद, त्यात खोट नव्हती. मंडळाच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. वर बाबासाहेब, खाली लेकीचा टोपी-गॉगलमधला फोटो आणि मोठ्या अक्षरांत ‘चवदार तळ्याची लेक’. मला भरून आलं. 20 मार्च 1927 ला ज्या पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली, त्या पाण्याच्या गोष्टीत माझ्या पोरीचं नाव. विहारात सत्कार झाला. दीर म्हणाले, वहिनी, राज्यात नंबर आला की दहावीला वाढीव गुण, पुढे नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, घराचं सोनं होईल. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती हसली. मी नर्स आहे, वीस वर्षं माणसांचे चेहरे वाचत आले, पण त्या हसण्याकडे मी नीट पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यांत तिचं टायमिंग सुधारायचं थांबलं. सर म्हणाले, वजन थोडं उतरू द्या, हलकी झाली की वेग येईल. मी मान डोलावली. ती पोळी अर्धी ठेवायला लागली. भात सोडला. सकाळी उठताना चिडायची, सर्दी सुटत नव्हती, केस जात होते. क्लोरीनमुळे जातात म्हणून मी खोबरेल लावत बसले. खांद्याला बाम लावून झोपते हे तिच्या आजीला ठाऊक होतं, मला नव्हतं. आजीला तिने शपथ घातली होती.

मग एका रविवारी माळ्यावरचं सामान काढताना सॅनिटरी पॅडची पाकिटं सापडली. मी दर महिन्याला आणून ठेवते, ती चार पाकिटं न फोडलेली. मी गेली सात वर्षं वस्त्या-वस्त्यांतून मुलींची पाळीवर शिबिरं घेते. शेकडो पोरींना तारीख वहीत लिहायला शिकवलं. माझ्या घरात माझ्या पोरीची पाळी चार महिने बंद होती आणि मला माहीत होतं ते तिचं शंभर मीटरचं टायमिंग, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

डॉक्टरबाईंनी तपासलं. हिमोग्लोबिन 9.4. वजन वर्षभरात वाढायच्या ऐवजी तीन किलो उतरलेलं. खांद्याच्या स्नायूंना सूज. इथे जरा थांबून समजावून सांगते, कारण हे पोहण्यापुरतं नाही.

एका सत्रात पोरं चार-पाच किलोमीटर पोहतात. पन्नास मीटरच्या तलावात पाच किलोमीटर म्हणजे शंभर फेऱ्या, एका फेरीला चाळीसेक हात धरले तरी चार हजार. एकेक खांदा दोन हजार वेळा फिरतो, तोही वाढत्या वयाचा. एवढ्या मेहनतीला लागेल तेवढं अन्न पोटात गेलं नाही, तर शरीर घरातल्या कर्त्या बाईसारखं वागतं, जे लगेच गरजेचं नाही ते आधी बंद करतं. पहिली बंद होते पाळी. मग हाडं भरायची थांबतात, आणि हाडं भरायचं मुख्य वय हेच आहे. रोगाशी लढायची ताकद कमी होते, मन उदास राहतं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं तो वेगही पडतो. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. ती मुलांनाही होते, पण मुलींमध्ये पाळीमुळे लवकर कळते. कळायला आईने विचारलं पाहिजे.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होते, त्याने घाबरू नका. पण नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं झाली तरी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे न्या. मेडिकलमधून पाळी आणायच्या गोळ्या घेऊ नका. गोळीने रक्त दिसेल, हाडं भरणार नाहीत. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. पोरीची पाळी चुकली म्हटल्यावर शेजारणीच्या मनात जे येतं, ते माझ्याही शेजारणीच्या मनात आलं, तिने आडून विचारलंही. त्या भीतीनेच आया गप्प बसतात आणि पोरी लपवतात. खेळणाऱ्या मुलीची पाळी बंद होण्याचं कारण बहुतेक वेळा तिच्या ताटात असतं.

डॉक्टरबाईंनी सहा आठवडे स्पर्धेचा सराव बंद सांगितला. विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर होती.

घरी आल्यावर मी लेकीला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “मम्मी, चौकात फ्लेक्स आहे ना.”

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

अमेरिकेत सिमोन मॅन्युएल नावाची जलतरणपटू आहे. तिथल्या सार्वजनिक तलावांत गोऱ्यांनी काळ्यांना पिढ्यान्पिढ्या उतरू दिलं नाही. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने तर काळ्यांना आत घ्यावं लागेल म्हणून 1963 साली तलावच बंद करून टाकले. गोष्ट ओळखीची वाटते ना? अशा देशात 2016 च्या रिओ ऑलिंपिकला सिमोनने 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, पोहण्यात वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी अमेरिकेची पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आणि 2021 साली, टोकियोच्या निवडचाचणीत, त्याच प्रकारात ती अंतिम फेरीतही पोहोचली नाही. मग तिने पत्रकारांना सगळं सांगितलं. अतिसरावाने शरीर कोलमडलं होतं, झोप नव्हती, मन खचलं होतं, तीन आठवडे पाण्याबाहेर राहावं लागलं. आपल्या समाजावर गेलेल्या वर्षाचा भारही त्यात होता, हेही ती बोलली. त्यानंतर ती 50 मीटरमध्ये पात्र ठरली आणि टोकियोत रिलेचं कांस्य घेऊन आली. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “तिला कुणी रागावलं नाही?”

आमच्याकडे रागावले. थोडे. दीर दोन दिवस बोलले नाहीत. मंडळातला एक मुलगा म्हणाला, ताई, आपलं एकच लेकरू तिथवर पोहोचलं, आता माघार घेतली तर ते लोक काय म्हणतील? मला त्याचा राग आला नाही. तो प्रश्न माझ्याही मनात होता. पण माझं मत आता पक्कं झालं आहे आणि तेच सांगायला हा लेख लिहिला. ज्या तलावावर आमची एकच पोर आहे, तिथे तिने जिंकावं म्हणून सगळा समाज तिच्या पाठीवर बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे. शंभर पोरी तिथे पाठवा, मग एकीवर भार येणार नाही. गाडीतून येणारी मुलगी हरली तर ती एकटी हरते, घरी जाऊन जेवते. आपली पोर हरली तर सगळा समाज हरला असं आपण तिला वाटायला लावतो. चौदा वर्षांच्या खांद्याला आधीच चार हजार हात मारायचे असतात.

फ्लेक्स मी पोरांना काढायला सांगितला. त्यांनी काढला. बाबासाहेबांचा भाग कापून विहारात नीट ठेवला, बाकीचा कुणाच्या तरी छपरावर गळती थांबवायला गेला.

आता ताटाचं. तलावावर एक माणूस प्रोटीन पावडरचा डबा घेऊन फिरतो. त्या डब्याच्या पैशात महिनाभर रोज दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे येतात, वर पैसे उरतात. मी पोरीला सरावाआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे देते, सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत डबा. भाकरी, अंडं, उसळ, आणि भात परत आला आहे. आठवड्यातून एकदा कलेजी, कधी सुकट. उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो. शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्याला एक असते, ती पोरी खिडकीतून टाकतात हे मला माहीत आहे. पण हिमोग्लोबिन कमी आलं तर त्या एका गोळीवर भागत नाही, डॉक्टर रोजचं औषध देतात. सरकारच्या 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे खेळात उतरणारी आपली पोर बहुधा आधीच रिकाम्या टाकीवर पळत असते.

पाळीत पोहायचं का, हे आया मला हळू आवाजात विचारतात. पोहता येतं. टॅम्पॉन किंवा कप वापरता येतो, तो वापरायचा नसेल तर तेवढे दिवस बाहेरचा व्यायाम करता येतो, निर्णय पोरीचा. पण ‘तलाव बाटेल’ हे कारण आपल्या घरात चालणार नाही. पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटत नाही, हे साऱ्या देशाला सांगितलेली आपण माणसं.

आणि काळवंडली म्हणून पोरीला तलावावरून काढू नका. कान दुखला तर तेल ओतू नका, काडी घालू नका, डोकं कलवून पाणी काढा, कोरडा करा, दुखणं राहिलं तर दाखवा. खांदा दुखतो म्हणाली तर त्याच दिवशी ऐका.

सरांशी मी बोलले. माणूस वाईट नाही, त्यांना कुणी हे शिकवलं नव्हतं आणि मीही मान डोलावली होतीच. आता ते वजनाबद्दल मुलींसमोर बोलत नाहीत. लेक आठवड्याला चार दिवस जाते, पाळी दोन महिने नियमित आहे, हिमोग्लोबिन 11.6 झालं. बारा व्हायला हवं. बटरफ्लाय तिने सध्या सोडला, खांद्यासाठी. पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरायचं की नाही हे तिने ठरवलेलं नाही आणि मी विचारत नाही. स्टॉपवॉच कपाटात आहे.

आम्ही अकरा आयांनी महापालिकेला अर्ज दिला आहे. वस्तीतल्या मुलांसाठी सवलतीच्या शुल्कात रोज एक तास, मुलींसाठी महिला प्रशिक्षक, आणि स्पर्धेच्या बॅचमधल्या प्रत्येक मुलीची सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि वजन तपासणी. तीन महिने झाले, उत्तर नाही. दुसऱ्या अर्जावर सह्या घेणं चालू आहे. दर रविवारी वंदनेनंतर वही विहारात टेबलावर असते, पेनही तिथेच बांधलेलं आहे.