ज्वारीचा ब्राउन ब्रेड आणि चारचा चहा

दुपारी चारच्या चहाबरोबर आपण काय घेता, हा प्रश्न मी अलीकडे भेटेल त्या ज्येष्ठ व्यक्तीला विचारते. लातूर असो की नांदेड, उत्तर ठरलेले असते : टोस्ट, खारी, बटर, नाहीतर दोन बिस्किटे. दात गेलेले असतात, कवळी दुपारच्या झोपेसाठी काढून ठेवलेली असते आणि चहात बुडवून मऊ झालेला घास जिभेनेही मोडता येतो. या चारही पदार्थांचे मूळ एकच, मैदा. बहुतेकांना त्यापासून मोठा अपाय होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्या हातून मात्र चहाची ती वेळच निसटते. आजचा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

माझ्या सासूबाईंना सिलियाक हा आजार असल्याचे निदान झाले तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होते. त्याआधीची दोन वर्षे आम्ही वाया घालवली. वजन उतरत होते, लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नव्हते, पोट सतत बिघडलेले असे आणि ओसरीवर साधे घसरण्याचे निमित्त होऊन मनगट मोडले. “म्हातारपण हाय बाई, दुसरं काय,” असे त्या स्वतःच म्हणत आणि आम्हालाही ते पटत असे. एका तरुण डॉक्टरांनी या सगळ्या तक्रारी एका ओळीत मांडल्या, टीटीजी ही रक्ततपासणी सांगितली, नंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि दोन वर्षांचे कोडे आठवड्यात सुटले.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. सिलियाक असलेल्या व्यक्तीच्या शरीरात ग्लुटेन गेले की रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखे जे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागेनासे होते. लोह शोषले गेले नाही की रक्तक्षय, कॅल्शियम शोषले गेले नाही की ठिसूळ हाडे. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी आधीपासून शंका होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, तिथे पावाचा तुटवडा पडला, तेव्हा ही आजारी मुले उलट सुधारू लागली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला. उपाय तेव्हा होता तोच आजही आहे : ग्लुटेन पूर्णपणे आणि आयुष्यभर वर्ज्य.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. हा लेख वाचून उद्यापासून घरातला गहू बंद करू नका. तपासणीपूर्वी गहू सोडला तर रक्तातील खूण पुसट होते, आतडे भरून येऊ लागते आणि निदान अवघड होऊन बसते. आधी डॉक्टर, मग तपासणी, मग पथ्य, हाच क्रम. निदान झाले तर मुले, भावंडे यांनीही तपासणी करून घ्यावी, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. आणि ज्यांना पोळी सुखाने पचते त्यांनी केवळ फॅशन म्हणून ग्लुटेनमुक्त पदार्थांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात या आजाराचे पथ्य मुळात अवघड वाटू नये. ज्वारीत ग्लुटेन नाही. बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, राजगिरा, भगर, साबुदाणा, सर्व डाळी यांतही नाही. मोहोळची मालदांडी, परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, २०१८ साली आलेली लोह व जस्त अधिक असलेली परभणी शक्ती, अशी वाणे आपल्या दाराशी पिकतात. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले; आपल्या आजीला ते सांगितले असते तर तिने विचारले असते, मग बाकीची वर्षं कशाची? पण शेतात सोयाबीन आले, ताटात पोळी आली आणि भाकरी मागे सरली. आता ज्यांना तिची खरी गरज आहे, त्यांचे दात तिला पुरे पडत नाहीत.

दुसरी अडचण गिरणीची. ज्या जात्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळला, त्यावर आपली ज्वारी टाकली की पहिल्या किलो-दोन किलोंत गव्हाचे पीठ उतरते. डोळ्यांना ते दिसत नाही, आतड्याला कळते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये. म्हणजे चिमूटभर गव्हाचे पीठदेखील जास्तच. आम्ही शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीही टाकायचा नाही असा नियम केला. ते शक्य नसेल तर जिथे गहू दळतच नाहीत असे जाते शोधावे. ज्वारी घेताना तिच्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात, तेव्हा ती ताटात पसरून निवडावी. पूर्वी हे काम म्हाताऱ्या माणसांचेच असे, आणि आमच्या घरी ते पुन्हा त्यांच्याकडे गेले. चष्मा लावून, दारात बसून, त्या एकेक गहू असा वेचून फेकतात की जणू जुना हिशेब चुकता करीत आहेत.

लपलेला गहू ओळखायला वेळ लागतो. बाजारच्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. डब्यावरचे घटक वाचावेत. खपली गहू पौष्टिक खरा, पण तोही गहूच. रवा, दलिया, शेवया, सातूचे पीठ, सगळे वर्ज्य. शब्दांचाही घोळ होतो : जवारी चालते, जवस चालतो, जव चालत नाही. एकदा फोनवर सांगितलेल्या यादीत हा फरक ऐकू न आल्याने आमच्याकडे एक किलो जव येऊन पडले होते. धपाट्यांच्या पिठात कणीक मिसळण्याची सवय असते, तीही मोडावी लागते. सर्वांत नाजूक प्रश्न प्रसादाचा. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला कडाह प्रसाद कणकेचा. ज्येष्ठांना नाही म्हणवत नाही आणि आग्रह करणाऱ्याला वाटते, एवढ्याशाने काय होणार. सासूबाईंनी आपली वाट काढली आहे : प्रसाद दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात आणि शेजारच्या नातवाच्या हातावर ठेवतात.

इतके सगळे त्यांनी निमूटपणे स्वीकारले, पण चहातला टोस्ट त्यांना सोडवेना. निदानानंतर चार महिन्यांनी पोट पुन्हा बिघडले. शोध घेतला तेव्हा त्यांच्या उशीखाली कागदात गुंडाळलेले दोन टोस्ट सापडले. शेजारच्या मुलाला पैसे देऊन आणवलेले. मी बोलले, नको तितके बोलले. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “सगळे चहा पेताना मी नुसती बघत बसू का?” त्या रात्री मी ब्रेड करायचे ठरवले.

पहिला ब्रेड वीट झाला. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचे जाळे असते. यीस्टने सोडलेला वायू त्यात अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत ते जाळेच नाही, त्यामुळे वायू निसटून जातो. सासूबाईंनी तो तुकडा हातात तोलून पाहिला आणि म्हणाल्या, “ह्यानं वरवंट्याचं काम भागंल.” दुसऱ्या खेपेला त्यांनीच मार्ग सुचवला. ज्वारीचे पीठ जुने झाले, त्याची विरी गेली की भाकरी थापताना चिरते. तेव्हा आधणाचे पाणी घालून पिठाची उकड काढतात. उकळत्या पाण्याने पिठातील स्टार्च फुलून चिकट होतो आणि ग्लुटेनचे थोडे काम करतो. उरलेले काम इसबगोल करते. पोट साफ होण्यासाठी बहुतेक घरांत असलेले हेच इसबगोल पाण्यात भिजले की त्याची लुसलुशीत खळ होते आणि ती वायू धरून ठेवते.

तिसऱ्या खेपेला जमलेले प्रमाण देते. ताजे दळलेले ज्वारीचे पीठ १८० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ७० ग्रॅम, इसबगोलाचा भुसा १५ ग्रॅम, यीस्ट ५ ग्रॅम, मीठ एक सपाट चहाचा चमचा, गूळ दोन चमचे, तेल एक मोठा चमचा, आंबट दही दोन मोठे चमचे. पाणी एकूण ३२० मिलिलिटर, पण तीन ठिकाणी वाटून. ज्वारीच्या पिठापैकी ५० ग्रॅम घेऊन त्यावर १०० मिलिलिटर उकळते पाणी ओतावे, ढवळून झाकावे, कोमट होऊ द्यावे. इसबगोल १७० मिलिलिटर पाण्यात घालून लगेच ढवळावे, पाच मिनिटांत ते घट्ट होते. उरलेल्या ५० मिलिलिटर कोमट पाण्यात गूळ विरघळवून यीस्ट घालावे. कोमट म्हणजे बोटाला सुखावणारे. चटका बसला तर यीस्ट मेले असे समजावे. दहा मिनिटांत फेस आला नाही तर पुढे जाऊ नये, यीस्टची नवी पुडी आणावी.

आता सगळे एकत्र करून परातीत पाच मिनिटे चांगले मळावे. हा गोळा पोळीच्या कणकेसारखा ताणला जात नाही. थालीपिठाच्या पिठाहून थोडा सैल, हाताला चिकटणारा असा हवा. ओल्या हाताने त्याला लांबट आकार द्यावा, तेल लावलेल्या अर्ध्या किलोच्या केकच्या साच्यात ठेवावा, वरून ओला हात फिरवावा आणि झाकून उबेला ठेवावा. थंडीत तास लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात अर्ध्या तासाने पाहावे. मूळच्या दीडपट झाला की पुरे. अधिक वाट पाहिली तर भाजताना मध्येच खचतो. २०० अंशांवर तापवलेल्या छोट्या ओव्हनमध्ये ५५ ते ६० मिनिटे भाजावा. ओव्हन नसेल तर तळाशी मिठाचा थर दिलेल्या कुकरमध्ये, शिटी व रबर काढून, मंद आचेवर तासाहून थोडे अधिक ठेवावे. वरचा भाग फिका राहतो, पण कवळीवाल्यांना तो मऊ पापुद्राच आवडतो.

सर्वांत कठीण भाग यापुढचा : तो कापायचा नाही. किमान तीन तास. गरम असताना कापला की आतून गिच्च लागतो आणि दोष पाककृतीला मिळतो. थंड झाल्यावर पातळ काप करावेत. यात टिकवणारे काही नसल्याने उन्हाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून कापांमध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि लागेल तसा एकेक काप वेगळ्या तव्यावर शेकावा. वेगळा म्हणजे ज्यावर पोळी कधी भाजली गेली नाही असा.

थोडी सावधगिरी. पक्षाघातानंतर किंवा अन्य कारणाने गिळण्यास त्रास असेल तर कोणताही ब्रेड, हाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये; चिकट घास घशात अडकतो. इसबगोलामुळे दिवसभरात पाणी पुरेसे प्यायले जाते ना, याकडे लक्ष हवे आणि गोळ्या व ब्रेड यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहींनी ‘ज्वारीचा आहे’ म्हणून चार काप खाऊ नयेत. हा पिष्टमय पदार्थच आहे, एक काप म्हणजे साधारण अर्धी भाकरी धरावी. बाजारचा ब्राउन ब्रेड हा यावरचा पर्याय नव्हे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. अनेकदा पहिला शब्द मैदा असतो आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा. आणि दात शाबूत असतील तर ब्रेडची खटपट कशाला, ताजी भाकरी केव्हाही सरस.

तिसऱ्या ब्रेडचा पहिला काप शेकून चहाबरोबर दिला तेव्हा सासूबाईंनी तो आधी उजेडात धरला. गूळ आणि भाजणीने त्याला गडद तांबूस रंग आला होता. “ही तर बाहात्तरची मिलोची भाकर!” त्या म्हणाल्या. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, तिच्या भाकरी आणि सुकडी, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मला वाटले, आता त्या तो बाजूला सारणार. त्यांनी तो चहात बुडवला. तो विरघळला नाही, कपात पडला नाही. तेव्हापासून आमच्या घरी या ब्रेडला मिलोच म्हणतात.

निदानाला आता दीड वर्ष झाले. वजन सहा किलोंनी वाढले आहे, टीटीजीचा आकडा खाली आला आहे, हाडांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. यंदाच्या वेळा अमावस्येला आम्ही शेतात गेलो. सगळ्यांसाठी गव्हाची खीर होती. त्यांच्यासाठी अंबिल, भज्जी आणि ज्वारीचे उंडे. चार वाजता थर्मासमधून चहा ओतला गेला तेव्हा त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेले काप काढले. शेजारच्या शेतातल्या त्यांच्या वयाच्या बाईंनी विचारले, हे काय आणलंय. सासूबाईंनी एक काप मोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “बुडवून खा. मिलो हाय.”