‘लॉयल्टी’चे जलावतरण कुठे झाले?

५ एप्रिल जवळ आला की वालचंद हिराचंद, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि ‘लॉयल्टी’ यांच्यावरील लेख ठरल्याप्रमाणे प्रसिद्ध होतात. १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इथवर तक्रार नाही. परंतु या प्रस्थानालाच जलावतरणाचे तेज चढवले जाते, तेव्हा साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हांला हरकत घ्यावीशी वाटते. नव्याने बांधलेला सांगाडा प्रथमच पाण्यात उतरतो, ते जलावतरण. ‘लॉयल्टी’चे ते ३० ऑगस्ट १८९० रोजी इंग्लंडातील बॅरो येथे होऊन गेले होते. तेव्हा तिचे नाव होते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’.

कॅनेडियन पॅसिफिकची ही बोट प्रशांत महासागरात वर्षानुवर्षे धावली. १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून ती विकत घेतली आणि तिचे नामांतर झाले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. महाराजांकडून ती वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या हाती आली. कंपनीचे नावही त्यावरूनच पडले. इंग्रजी मक्तेदारीला आव्हान देणारी स्वदेशी बोट राजनिष्ठेचे नाव मिरवीत निघाली! एखाद्या कादंबरीकाराने असे योजले असते, तर समीक्षकांनी ढोबळ उपरोध म्हणून त्याला झोडपले असते. चरित्रपर लेख मात्र या नावावरून अलगद पुढे सरकतात.

जुनी बोट का घ्यावी लागली, हा खरा प्रश्न. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही हार्टलपूलला तरंगते आहे. पुढे सागाची जागा लोखंडाने आणि शिडाची वाफेने घेतली, तशी ही विद्या क्लाइड आणि टाइन नद्यांच्या काठी एकवटली. १९२३ मध्ये ‘लॉयल्टी’ भंगारात निघाली. त्याच वर्षी लॉर्ड इंचकेप यांच्याशी झालेल्या कराराने कंपनीला किनारी वाहतुकीपुरते बांधून टाकले. विशाखापट्टणमच्या कारखान्याची कोनशिला बसली १९४१ मध्ये, आणि तेथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली १४ मार्च १९४८ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते. ‘राजनिष्ठे’पासून ‘उषे’पर्यंतचे हे अंतर नुसत्या नामांतराचे नव्हे. त्या एकोणतीस वर्षांतील अडवणुकीची कहाणी आम्हांला प्रस्थानाच्या गौरवापेक्षा अधिक वाचनीय वाटते.

वऱ्हाडातल्या वर्गात हे कशासाठी, असे कोणी विचारील. समुद्र कोकणाचा, आपला कापूस, अशी आपल्याकडे जणू वाटणीच झाली आहे. पण अकोला, अमरावती, खामगावच्या रुईच्या गाठी रेल्वेने मुंबईला जाऊन आगबोटीतच चढत होत्या. त्या भाड्याचा भार अखेर कास्तकाराच्या भावात उतरत होता. टिळकांच्या खटल्यासाठी १९०८ साली दादासाहेब खापर्डे अमरावतीहून विलायतेला गेले, तेही समुद्रमार्गेच. प्रवासवर्णन शिकवताना आपण प्रवाशाच्या मनाविषयी भरभरून बोलतो. बोट कोणाची आणि ती बांधली कोणी, हे विचारत नाही. यंदा पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांत आम्ही तेवढाच प्रश्न ठेवला आहे: आपल्या तालुक्यातील जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या वह्या मिळवाव्यात आणि तिथली गाठ पुढे कोणत्या बंदराला गेली ते शोधावे.