तुमची साइट खर्ड्यात का नाही?

उन्हाळा लागला की आर्किटेक्चरच्या कॉलेजांमध्ये शेवटच्या वर्षाच्या थिसिसची प्रदर्शने भरतात. भाचीच्या निमित्ताने मी अशी दोन-तीन पाहिली. भिंतभर शीट्स, पुठ्ठ्याची सुबक मॉडेल्स, आणि जवळजवळ प्रत्येक शीर्षकात ‘शाश्वत’, ‘समुदाय’, ‘परवडणारे’ यांपैकी एक तरी शब्द. मुलांची मेहनत खरी असते, कळकळही खरी असते. पण चित्रातल्या अंगणात शेळी कुठे दिसली नाही. पाण्याची टाकी कुठे ठेवायची, हेही कुणी दाखवले नव्हते. बहुतेकांची साइट पुण्या-मुंबईत होती.

आमचे गाव खर्डा, जामखेड तालुक्यातले. पुस्तकात ते १७९५ च्या मराठे-निजाम लढाईपुरते येते. गावात निंबाळकरांचा भुईकोट किल्ला आहे आणि जुन्या आळ्यांत दगड-मातीच्या भिंतींची माळवदाची घरे. लाकडी सरे, त्यावर पांढरी माती. एप्रिलमध्येही आत गार वाटते. माझ्या फुफीचे घर असेच होते. एक भिंत फुगली, तेव्हा तिने घरकुलासाठी अर्ज केला. मी भाचीला म्हटले, तुमच्या ज्युरीला हे घर दाखव.

या घराचे गणित असे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात, सपाट प्रदेशात केंद्राच्या नियमाने १ लाख २० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे अनुदान वेगळे. राज्याने २०२५ मध्ये आणखी ५० हजारांची भर जाहीर केली. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फूट, तेही स्वयंपाकाची जागा धरून.

हा आकडा पाहिला की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात घराचा आकार जमिनीवर ठरला होता. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आज गरिबाला २६९. तीन दशकांत एकोणीस फुटांची वाढ. त्या भूकंपाने आणखी एक गोष्ट केली, दगड-मातीच्या घरावरचा लोकांचा विश्वास उडवला. दोष सांधा न धरलेल्या जाड भिंतींचा आणि वर्षानुवर्षे माती चढवून जड केलेल्या माळवदाचा होता. बदनाम झाला दगड. तेव्हा विद्यार्थी गावात येऊन ‘पारंपरिक साहित्य वापरा’ म्हणतात, तेव्हा म्हातारी माणसे गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ शीटवर यायला हवा. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड किती अंतरावर, जोत्यावर आणि छताखाली पट्टा कसा, हे दाखवल्याशिवाय दगडाचे नाव काढू नये.

आता खर्ड्याचा खरा प्रश्न. इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला गाव सोडायचे, कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परतायचे. घर बांधायला हातात उरतात पावसाआधीचे दोन-अडीच महिने, आणि नेमके तेव्हाच पाणी नसते. स्लॅबला, भिंतीला रोज पाणी मारायचे ते टँकरमधून. नीट पाणी न मारलेले काँक्रीट काही वर्षांत तडकते आणि दोष गवंड्यावर येतो. म्हणून इथे ‘शाश्वत’ म्हणजे आधी हे सांगा, की कोणत्या भिंतीला पाणी कमी लागते आणि कोणते काम ऑक्टोबरआधी उरकता येते. लॉरी बेकर यांनी रुळवलेली पोकळ जोडाईची वीटभिंत विटा आणि मसाला दोन्ही वाचवते, भिंतीतली हवा ऊनही अडवते. पण आमच्या गवंड्याला ती एकदा कुणीतरी शेजारी उभे राहून करून दाखवायला हवी.

शिवाय पैसे हप्त्याने येतात. टप्पा पूर्ण झाला, फोटो चढला, की पुढचा हप्ता. नव्या पद्धतीची भिंत त्या टप्प्यात बसली नाही तर हप्ता अडकतो आणि माणूस व्याजाने पैसे काढतो. ही गोष्ट माहीत नसलेले डिझाइन गरिबाच्या अंगावर येते. सरकारनेच ‘पहल’ नावाने देशभरातल्या प्रादेशिक घरांचे नमुने छापले आहेत. विद्यार्थ्यांनी त्यातला एक नमुना घेऊन आमच्या गवंड्याकडून खर्च काढून आणावा. अर्धा थिसिस तिथेच होईल.

‘समुदाय’ या शब्दाबद्दलही थोडे. याच गावात एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. गावाला एकसंध समुदाय समजून मधोमध गोल चौक काढणाऱ्याने आधी विचारावे, त्या चौकात कोण बसेल आणि कोण बाजूने निघून जाईल. नवी घरकुले कुठल्या टोकाला टाकायची, नळ कुणाच्या दाराशी यायचा, हे नकाशाचेच प्रश्न आहेत. ज्याच्या नावावर जागाच नाही, त्याचे घर तर नकाशापर्यंत पोचतही नाही. जागा खरेदीला राज्याची मदत आहे, पण ती मिळवून देणारे कागद कोण जमवणार?

घर राहणाऱ्याने आखायचे असते, हे महाराष्ट्रात कुणी केलेच नाही असे नाही. १९८६ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी, ज्यांत मुस्लिम बायका बऱ्याच होत्या, ‘महिला मिलन’ आणि ‘स्पार्क’च्या साथीने आपल्या घराचे खऱ्या मापाचे मॉडेल उभे केले. माप साडीने घेतले. त्यांना चौदा फुटी उंची हवी होती, कारण वर माळा काढता येतो, माणसे वाढली की तिथे झोपता येते. पुढे पुण्यात येरवड्याच्या वस्तीत, २००९ पासून, त्याच संघटना आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी साऱ्या वस्तीवर बुलडोझर न फिरवता फक्त कच्ची घरे त्याच जागी पक्की केली. पक्की होती ती राहिली, शेजार टिकला. घर तिथेही सुमारे २७० चौरस फुटांचेच, कुटुंबाचा वाटा दहा टक्के.

गेल्या मे महिन्यात भाची दोन मैत्रिणींना घेऊन खर्ड्याला आली. फुफीला त्यांनी आराखडा दाखवला. तिने तो उलटा धरला, मग चष्मा लावून सुलटा केला. न्हाणी दारासमोर आली होती, ती तिने बोटाने मागे ढकलली. शेळ्यांसाठी आडोसा मागितला. मग विचारले, “बेटा, इसको पानी कौन मारेगा? टँकर तो आठ दिन में आता है.” मुली एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि भाचीने वहीत काहीतरी लिहिले.

कॉलेजांकडे माझे मागणे एवढेच आहे. थिसिसला गुण देताना एक कागद जास्तीचा मागा. मराठीत लिहिलेला खर्चाचा अंदाज, ज्यावर गावच्या गवंड्याची आणि त्या घरच्या बाईची सही असेल.