शिकाऊ चुकणारच! मास्तरांवर लक्ष कोणाचं?

मंडळी, या वीकेंडला जरा चिडून लिहितोय.

आमचं सायखेडा गोदाकाठचं, द्राक्षांचं गाव. नाशिकरोडला गांधीनगरात २००३ पासून लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा आहे, त्यामुळे डोक्यावरची घरघर आम्हाला नवीन नाही. कुठेही प्रशिक्षणाचं हेलिकॉप्टर किंवा विमान पडलं की गावात चर्चा रंगते आणि एकाच वाक्यावर संपते: "पोरगं नवीन होतं, चुकलं असेल."

मला हे अजिबात मान्य नाही!

अहो, नवीन माणूस चुकणारच, म्हणून तर तो शाळेत आलाय. हेलिकॉप्टरमध्ये कंट्रोलचे दोन संच असतात ते त्याचसाठी. हवेत इंजिन बंद पडलं तर 'कलेक्टिव्ह'चा दांडा लगेच खाली करावा लागतो, मग खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि उतरता येतं. हलक्या हेलिकॉप्टरमध्ये त्यासाठी जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात शिकाऊची चूक ओळखून सावरणं हे प्रशिक्षकाचं काम. आणि प्रशिक्षकाला ते जमतंय का, हे बघणं शाळेचं.

आता आपल्याकडच्या प्रशिक्षण विमानांचं बघा. यंत्र वेगळं, प्रश्न तोच. एप्रिल २०१७: गोंदियाहून उडालेलं विमान वैनगंगेवरच्या तारेला धडकलं, दोघेही गेले. जुलै २०२१, चोपडा तालुका: प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी. मार्च २०२३: गोंदियाहूनच निघालेलं विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळलं, पुन्हा दोघेही गेले. तिन्ही वेळा प्रशिक्षक विमानातच होते! मग "पोरगं नवीन होतं" हे उत्तर कसं चालेल?

गेलेल्या प्रशिक्षकांवर मला खापर फोडायचं नाहीये. प्रशिक्षक शेजारी बसला म्हणजे देखरेख झाली, या समजुतीवर माझा राग आहे. मार्ग कोणी ठरवला? किती खाली उडायचं हे कोणी तपासलं? त्या दिवसाचं हे त्यांचं कितवं उड्डाण?

तुम्ही म्हणाल, मशीनच जुनी असतात. खरंय. २०१५ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी चीता-चेतक बदला म्हणून थेट संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना गाठलं होतं, आणि त्यांची मागणी रास्तच होती. पण मशीन जुनं असेल तर देखरेख वाढायला हवी की कमी व्हायला हवी?

अमेरिकेत 'रॉबिन्सन आर-२२' या छोट्या हेलिकॉप्टरचे अपघात वाढले, तेव्हा १९९५ साली खास नियम आला. शिकाऊला एकट्यानं उडण्याआधी प्रशिक्षकाबरोबर किमान २० तास उडणं सक्तीचं झालं. पण नियम तिथेच थांबला नाही. ते हेलिकॉप्टर शिकवणाऱ्यालाही अनुभवाची आणि वेगळ्या परवानगीची अट घातली. म्हणजे मास्तरांचीही परीक्षा! आपल्या गांधीनगरातही प्रशिक्षकांसाठी वेगळा कोर्स चालतो. उडवता येणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लष्कराला पटलेलं आहे.

आपल्या आयटीवाल्यांना हे समजायला अवघड नाही. फ्रेशरनं प्रॉडक्शन पाडलं तर शहाणी टीम विचारते, ॲक्सेस कोणी दिला? रिव्ह्यू कोणी केला? तिथे बॅकअप असतो, इथे नसतो.

२०२५ मध्ये डीजीसीएनं देशातल्या उड्डाण शाळांना पहिल्यांदा श्रेणी दिली. ए-प्लस किंवा ए मध्ये एकही शाळा बसली नाही! चांगलं पाऊल, पण पुरेसं नाही. अपघाताच्या अहवालात पहिल्याच पानावर छापा: प्रशिक्षकाचे त्या मशीनवरचे तास, त्या दिवसाची उड्डाणं, शेवटची तपासणी कधी झाली, उड्डाणाला परवानगी देणाऱ्याचं पद.

लाखो रुपये फी भरून आई-बाप पोरांना आकाशात पाठवतात. शाळा निवडण्याआधी एवढी चार उत्तरं मागायचा त्यांना हक्क आहे. आणि जी शाळा ती देणार नाही, तिथे पैसे भरू नका!