आईचा फोटो आणि काजळीची शाई



प्रत्येकीच्या घरी एक तरी जुना कृष्णधवल फोटो असतोच. सासूबाईंच्या लग्नातला, आजेसासऱ्यांचा फेटा बांधलेला, नाहीतर माहेराहून जपून आणलेला आईचा. त्याची मोठी प्रत काढून भिंतीवर लावावी असं कधी ना कधी मनात येतंच. मलाही आलं. त्यात मी कशी फसले ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही फसणार नाही.

माझ्या आईचा तरुणपणचा एकच फोटो आहे. जेमतेम २ इंच बाय ३ इंच. चार वर्षांपूर्वी मुलाच्या प्रिंटरवर, छान चकचकीत कागदावर तो मोठा करून छापला आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. दुपारी तिथं पश्चिमेचं ऊन येतं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं! दुसरा उन्हाळा सरला आणि आईचे केस तांबूस दिसायला लागले. नात म्हणाली, "आजी, पणजी केसांना मेंदी लावायची का गं?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

कपाटातल्या डब्यातला मूळ फोटो काढून पाहिला, तर तो तसाच! त्या काळच्या फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीचे बारीक कण. नीट धुतलेला फोटो कोरड्या, अंधाऱ्या जागी राहिला तर तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. मग माझीच प्रत का विटली?

कारण शाईत आहे. प्रिंटरची शाई दोन प्रकारची. एक 'डाय' शाई, म्हणजे पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलेला रंग. दिसायला सुरेख, पण उन्हानं, हवेनं विटतो. कच्च्या रंगाच्या साडीसारखा. दुसरी 'पिगमेंट' शाई. यात गेरू पाण्यात कालवावा तसे रंगाचे कण असतात. काळ्या पिगमेंट शाईतला कण म्हणजे कार्बन. आपल्या भाषेत काजळी. शेकडो वर्षांच्या पोथ्यांमधली अक्षरं अजून काळीभोर आहेत ती काजळीच्या शाईमुळेच. काजळीला ऊन सहसा विटवू शकत नाही.

आता गंमत अशी, की घरगुती टाकीवाल्या प्रिंटरपैकी पुष्कळांत काळी शाई पिगमेंटची असते आणि बाकी तीन रंग डायचे. पण आपण हौसेनं 'फोटो पेपर' निवडतो. मग असे बरेच प्रिंटर ती काळी शाई बाजूला ठेवून तीन कच्च्या रंगांच्या मिश्रणातून काळा रंग तयार करतात. त्यातला एक रंग आधी उडाला की चेहऱ्यावर झाक येते. माझ्या आईचं झालं ते हेच.

म्हणून असं करा.

आधी परीक्षा. साध्या कागदावर फक्त काळ्या शाईत चार ओळी छापा. दिवसभर वाळू द्या आणि वर पाण्याचा थेंब टाका. अक्षरं पसरली तर शाई डायची. त्या प्रिंटरवर टिकाऊ फोटोची आशा धरू नका. जागची हलली नाहीत तर बहुधा पिगमेंटची. शाईच्या बाटलीवर किंवा माहितीपत्रकातही ते छापलेलं असतं, तेही वाचून घ्या.

मग स्कॅन. मूळ फोटोवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटका. ओलं फडकं चुकूनही लावू नका. २ बाय ३ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की ४ बाय ६ इंचांची प्रत स्वच्छ निघते. मोबाईलवरून आलेली, दहा जणांनी पुढं पाठवलेली प्रत नको; त्यात बारकावे हरवलेले असतात.

कागद मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, आणि 'ॲसिड-फ्री' लिहिलेला घ्या. परवडला तर कॉटनचा उत्तमच. डोळे दिपवणारा पांढराशुभ्र नको. त्यात कपड्यांना घालतो तशी पांढरेपणाची पूड असते, आणि तिचा गुण संपला की कागद पिवळट दिसतो. हातकागद टिकाऊ खरा, पण त्याचे तंतू प्रिंटरमध्ये अडकतात.

छापताना कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' आणि रंग 'ग्रेस्केल' निवडा, म्हणजे बहुतेक प्रिंटर नुसती काळी शाई वापरतात. चकाकी येणार नाही, काळा थोडा मवाळ दिसेल. दिसू द्या. आपल्याला माणूस टिकवायचंय, चकाकी नाही. प्रत दिवसभर वाळल्याशिवाय फ्रेममध्ये घालू नका.

फ्रेम करताना डिंक, चिकटपट्टी फोटोला लावू नका. काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट घाला, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो. भिंत उन्हाची नको, ओल येणारी नको. समईची, उदबत्तीची धुरीही नको.

राहिला मूळ फोटो. तो भिंतीवर नाहीच. त्याचं लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते पुन्हा निघत नाही. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो सहज सुटत असतील तर काढा, ॲसिड-फ्री कागदात गुंडाळा आणि कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवा. माळ्यावर उकाडा, जमिनीलगत ओल.

आणि एक काम आजच करा. फोटोमागं मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं नावं आणि साल लिहा. सासूबाईंना शेजारी बसवून विचारा, ही कोण, हा कुणाचा मुलगा. माझ्या आईच्या फोटोत तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. बाकीचं माणूस कापलं गेलंय. तो हात कुणाचा, हे विचारायचं माझं राहूनच गेलं. शाई चुकली तर प्रत पुन्हा काढता येते. हे मात्र आता कुणालाच विचारता येत नाही.